माळावरचे विद्यापीठ आणि तंबाखूच्या पट्ट्यातली लेकरे

निपाणी कर्नाटकात आहे आणि निपाणीचे म्हणून सगळे ज्याला ओळखतात ते देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात. अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर हा त्याचा पत्ता. गावातला मुलगा सकाळी वह्या घेऊन निघतो तो थोड्याच वेळात दुसऱ्या राज्यातल्या वर्गात जाऊन बसतो आणि जेवायच्या वेळेला पुन्हा आपल्या राज्यात परततो. त्याच्या परीक्षेचा अर्ज कोल्हापूरला जातो. घरचे रेशनकार्ड बेळगाव जिल्ह्याचे असते. शिवाजी विद्यापीठाचा इतिहास पुण्या-मुंबईच्या कुणी लिहिला तर ही गोष्ट तळटिपेत जाईल. चिकोडी-निपाणीच्या माणसाने लिहायला घेतला तर सुरुवात इथूनच करावी लागते. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत पहिला पदवीधर, पहिला मास्तर, पहिला बँकेतला कारकून झाला तो या विद्यापीठामुळे. आणि ज्या मुलांसाठी या विद्यापीठाने इतके केले, ती मुले त्याच्या पंचवार्षिक आराखड्यात मोजली जात नाहीत. मला या दोन्ही गोष्टी सांगायच्या आहेत, आणि दुसरी जास्त तळमळीने.

विद्यापीठ १९६२चे, पण त्याची मुळे त्याच्या आधी साठ वर्षे रुजलेली आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले. त्याच सुमारास जैन बोर्डिंग उभे राहिले. मागोमाग मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांसाठी मिस क्लार्क, अशी एकामागून एक वसतिगृहे झाली. विद्यार्थी वसतिगृहांची माता असे कोल्हापूरचे नाव पडले ते यामुळे. शाहू महाराजांना एक गोष्ट नेमकी कळली होती. शाळेची फी माफ केली तरी खेड्यातला पोरगा शहरात राहणार कुठे आणि खाणार काय, हा प्रश्न सुटत नाही, आणि शिक्षणाचे घोडे तिथेच अडते. चिकोडी तालुका संस्थानात नव्हता, इंग्रजी मुलखात होता. तरी दक्षिण महाराष्ट्रातल्या जैन, लिंगायत, मराठा कुटुंबांच्या सोयरिकी संस्थानाच्या हद्दी पाहत नव्हत्या, आणि शिकायला जायचे म्हणजे कोल्हापूरला जायचे हा पायंडा आमच्याकडे तेव्हाच पडला.

निपाणीनेही या इतिहासात आपली भर घातली आहे. १९२५च्या एप्रिलमध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद निपाणीत भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले. आदल्या वर्षी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली होती आणि १९२५च्या आरंभी सभेचे वसतिगृह सोलापुरात सुरू झाले होते. ज्या सभेचे पहिले ठळक काम विद्यार्थ्यांच्या जेवणाराहण्याची सोय हे होते, तिचा पुढारी निपाणीच्या मांडवात उभा होता, हे आमच्या तरुणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. सभांची भाषणे पुस्तकांतून उरतात. वसतिगृहाच्या पंगतीला बसलेली मुले मात्र पुढे वकील होतात, मास्तर होतात आणि आपल्या गावात दुसरे वसतिगृह काढतात.

तिसरे मूळ कर्मवीर भाऊराव पाटलांचे. कुंभोजला जन्मलेला हा माणूस कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकला. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्याने रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले आणि सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला बसवली. मुलांनी शेतात, स्वयंपाकघरात, बांधकामावर राबायचे आणि त्या राबण्यातून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवायचा, ही त्यांची रीत. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते याच रीतीवर, आणि कष्ट करून शिकण्याची पद्धत प्राथमिक शाळेतून महाविद्यालयापर्यंत पोहोचली. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे भाऊरावांच्याच वसतिगृहात वाढलेले. ते पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वसतिगृहातल्या मुलाने कुलगुरूच्या खुर्चीपर्यंत जावे, याहून वेगळा पुरावा त्या पद्धतीला लागत नाही.

आता चिकोडीच्या बाजूने पाहू. १९४९ साली मुंबई प्रांताच्या कन्नड जिल्ह्यांसाठी कर्नाटक विद्यापीठ निघाले आणि त्याचे ठाणे धारवाडला झाले. त्याच वर्षी पुण्याचे विद्यापीठ सुरू झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव जिल्हा, म्हणजे चिकोडी आणि निपाणीही, म्हैसूर राज्यात गेला. पुढच्या सीमालढ्याचा, महाजन आयोगाचा, हुतात्म्यांचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. तो इथे पुन्हा लिहीत नाही. शिक्षणापुरते बोलायचे तर चिकोडीच्या मराठी घरातल्या मुलापुढे दोन वाटा राहिल्या. एक धारवाडची, दीडशे किलोमीटरच्या आसपास; दुसरी पुण्याची, त्याहूनही लांब. हातातोंडाची गाठ कशीबशी घालणाऱ्या घराला दोन्ही परवडणाऱ्या नव्हत्या. बेळगावात लिंगराज होते, राणी पार्वतीदेवी होते आणि त्या महाविद्यालयांनी पुष्कळांना शिकवले. पण पदव्युत्तर शिक्षण म्हणजे धारवाड, आणि धारवाड म्हणजे खोली, खाणावळ, गावी न परतता काढलेले महिने.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. यशवंतराव चव्हाण आणि त्यांच्या मंत्रिमंडळातले बाळासाहेब देसाई यांनी दक्षिण महाराष्ट्राला स्वतःचे विद्यापीठ हवे हा आग्रह तडीस नेला होता. त्या दिवशी विद्यापीठाकडे ३४ महाविद्यालये, सुमारे १४,००० विद्यार्थी आणि ५ पदव्युत्तर विभाग होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि रत्नागिरी असे पाच जिल्हे त्याच्या हद्दीत. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे अभ्यासक होते आणि १९६२ ते १९७५ अशी तेरा वर्षे त्यांनी विद्यापीठ घडवले. शहराबाहेरच्या उघड्या माळावर आज ८५३ एकरांचा परिसर आहे.

आप्पासाहेबांच्या कामात मला सगळ्यात मोलाची वाटते ती कमवा व शिका योजना. आजही विद्यार्थी भवनाला त्यांचेच नाव आहे. खेड्यातून आलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने विद्यापीठातच राहायचे, दिवसाचे काही तास ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत, विभागांत काम करायचे, त्याचा मोबदला घ्यायचा आणि उरलेल्या वेळात शिकायचे. ही कर्मवीरांचीच रीत होती. फक्त ती आता संस्थेची न राहता शासनाच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाची झाली. पुढे मुलींसाठीही ही सोय झाली. दर वर्षी या भवनात राहणाऱ्या मुलांची संख्या एकूण विद्यार्थ्यांच्या मानाने थोडीच. तरी मी या योजनेला विद्यापीठाच्या इतिहासात इमारतींच्या आधी जागा देईन. या योजनेने एक तत्त्व मान्य केले की गरीब विद्यार्थ्याचे जेवण हा विद्यापीठाच्या कामाचा भाग आहे. ती त्याची खासगी अडचण नाही. भवनात राहिलेली माणसे आज प्राध्यापक, अधिकारी, संपादक आहेत, आणि भेटली की पदवीच्या आधी भवनाचे नाव सांगतात.

त्याच काळात महाराष्ट्र शासनाने आर्थिकदृष्ट्या मागास मुलांना फी माफ केली. कमी उत्पन्नाचा दाखला आणला की महाविद्यालयाची फी नाही. आमच्याकडचे म्हातारे आजही तिला ईबीसी म्हणूनच ओळखतात. फीमाफी, गावाजवळ महाविद्यालय आणि वसतिगृह ही तीन कामे साठ-सत्तरच्या दशकांत एकाच वेळी झाली म्हणून दक्षिण महाराष्ट्रातले शेतकऱ्याचे पोर पदवीपर्यंत पोहोचले. यातले एक जरी निसटते तरी बाकीच्या दोहोंचा उपयोग निम्म्यावर आला असता. भुदरगड तालुक्यात गारगोटीला जे. पी. नाईकांनी मौनी विद्यापीठ उभे केले तेही याच विचाराने. हेच नाईक पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले आणि खेड्यात शिकलेला धडा त्यांनी देशाच्या शिक्षणधोरणात नेला.

अर्जुननगरचे महाविद्यालय जनता शिक्षण मंडळाने साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर उभे केले. ते सीमेच्या अलीकडे की पलीकडे, हे तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरते. निपाणी ही तेव्हा तंबाखूची पेठ. बिडीचा जर्दा इथून देशभर जायचा. शेतकरी तंबाखू पिकवायचा, व्यापारी वखारीत साठवायचा, आणि वखारींत हजारो बाया तो चाळायच्या, निवडायच्या, पोत्यांत भरायच्या. धुळीने घसा बसायचा, डोळे चुरचुरायचे, आणि मजुरी काय मिळेल हे मुकादमाच्या मर्जीवर. घराघरांत सुपात पाने घेऊन बिड्या वळणे चालायचे. शाळेतून आलेली पोर दप्तर ठेवून आईच्या शेजारी बसायची. या बायांची मुले जेव्हा पहिल्यांदा महाविद्यालयाच्या बाकावर बसली, तेव्हा निपाणीतली एक जुनी गोष्ट मोडली. आईची वखार लेकीलाही ठरलेली, ही ती गोष्ट.

अर्जुननगरच्या वर्गांत शिकवणारे काही प्राध्यापक संध्याकाळी वखारींकडे वळले. प्रा. सुभाष जोशी आणि प्रा. अच्युत माने ही नावे निपाणीत सगळ्यांच्या तोंडी आहेत. चिकोडी तालुका कामगार महासंघाने तंबाखू आणि बिडी कामगार बायांना संघटित केले. मजुरी, पाळणाघर, नोकरीची शाश्वती असे प्रश्न रस्त्यावर आणले. युगांतर या चित्रपटगटाने १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला तो याच बायांवर. त्याच्या आदल्या वर्षी, १९८१च्या मार्चमध्ये, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि बारा शेतकरी गेले. निपाणीच्या माणसाला तो दिवस तारखेसकट आठवतो. शेतकरी भावासाठी, बाया मजुरीसाठी, आणि त्यांची मुले फीसाठी, असा तो काळ एकाच गावात एकाच वेळी चालला होता.

विद्यापीठाच्या इतिहासात हे का यावे, असे कुणी विचारील. माझे उत्तर असे की मुलाची आर्थिक उन्नती फक्त त्याच्या गुणपत्रिकेवर ठरत नाही. वखारीतल्या आईची मजुरी वाढली, तिला कायद्याने हक्क मिळाले, म्हणून तिच्या मुलीला बारावीनंतर घरी बसावे लागले नाही. केंद्र सरकारने १९७६ साली बिडी कामगार कल्याण निधीचा कायदा केला आणि त्या निधीतून बिडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली. ती मिळवायची तर आईकडे कामगार म्हणून ओळखपत्र हवे. ओळखपत्र हवे तर मालकाने ती कामगार आहे हे मान्य करायला हवे. आणि मालकाने मान्य करावे म्हणून संघटना हवी. ज्या प्राध्यापकांनी ती संघटना बांधली त्यांनी आपल्याच वर्गातल्या मुलांच्या शिष्यवृत्तीची वाट मोकळी केली. विद्यापीठाच्या कुठल्याही वार्षिक अहवालात हे काम लिहिलेले नसते, पण मी ते विद्यापीठाचेच काम समजतो. निपाणीचे कथाकार महादेव मोरे यांनी गॅरेज आणि पिठाची गिरणी सांभाळत याच माणसांच्या कथा लिहिल्या. ज्यांना त्या काळाची निपाणी पाहायची आहे त्यांनी आकडेवारीच्या आधी मोरे वाचावेत.

दरम्यान कर्नाटकाच्या बाजूलाही वाट जवळ येत होती. १९८२ साली धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने बेळगावात पदव्युत्तर केंद्र सुरू केले. २०१० साली त्याचे राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. महामार्गालगत भूतरामनहट्टीला त्याचा परिसर आहे. बेळगाव, विजापूर आणि बागलकोट हे तीन जिल्हे त्याच्याकडे आले. अलीकडे बागलकोट वेगळे झाले. चिकोडीतले केएलई संस्थेचे बसवप्रभू कोरे महाविद्यालय, निपाणीतले बागेवाडी महाविद्यालय, सरकारी प्रथम दर्जा महाविद्यालये हा सगळा गोतावळा या विद्यापीठाचा. तिथे मराठीचाही विभाग आहे. चिकोडीहून कोल्हापूर आणि बेळगाव ही दोन्ही गावे साधारण सारख्याच अंतरावर, सत्तर किलोमीटरच्या मागेपुढे. म्हणजे १९५६ साली ज्या तालुक्याला एकही विद्यापीठ जवळ नव्हते, त्याला आज दोन्ही हातांना एकेक आहे. ही प्रगती लहान नव्हे. मराठी-कन्नड वादाच्या धुरळ्यात ती आम्ही नीट पाहिलीच नाही. मला तर दोन्ही विद्यापीठांचे ऋण सारखेच वाटते. धारवाडला शिकलेल्या आमच्या कितीतरी माणसांनी चिकोडीच्या शाळा उभ्या केल्या हे विसरून चालणार नाही.

शिवाजी विद्यापीठ मधल्या काळात वाढत गेले आणि हद्दीने आक्रसतही गेले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मुंबई विद्यापीठाकडे गेले; २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले. उरले कोल्हापूर, सांगली, सातारा. तरी या तीन जिल्ह्यांत आज अडीचशेहून अधिक महाविद्यालये आहेत. २०२१ साली नॅकने विद्यापीठाला ३.५२ गुणांसह ए प्लस प्लस दर्जा दिला. गौरव करावा असाच हा टप्पा. मात्र नॅकचा दर्जा संस्थेचा असतो. विद्यार्थ्याच्या घरचे उत्पन्न पदवीनंतर किती वाढले, तो स्वतःच्या पायावर किती वर्षांनी उभा राहिला, हे त्या गुणांवरून कळत नाही.

इथून नियोजनाकडे वळतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ हा कायदा प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करायला सांगतो. कोणत्या तालुक्यात कोणते महाविद्यालय, कोणता अभ्यासक्रम, कुठे काय कमी आहे, याची पाहणी करून तो करायचा आणि नवी महाविद्यालये त्यानुसारच द्यायची. कल्पना फार चांगली. तिच्यामुळे महाविद्यालय कुणाच्या वजनावर मिळावे ही जुनी तऱ्हा निदान कागदावर तरी थांबली. पण हा आराखडा हद्दीचा असतो. त्यात कागल येते, गडहिंग्लज येते, चंदगड येते. निपाणी येत नाही, चिकोडी येत नाही. अर्जुननगरच्या वर्गात बसलेली निपाणीची मुलगी हजेरीपटावर आहे. मात्र जिच्या गरजा मोजून अभ्यासक्रम ठरवायचे त्या लोकसंख्येत ती नाही. कर्नाटकाच्या बाजूने पाहिले तर तीच मुलगी बारावीनंतर दुसऱ्या राज्यात गेली म्हणून तिथल्या हिशोबातून निघून जाते. कर्नाटकाच्या शिक्षणखात्याने चिकोडीला स्वतंत्र शैक्षणिक जिल्हा मानले आहे, त्यामुळे दहावीपर्यंतचा आकडा चोख मिळतो. पुढे ती मुलगी कुठे गेली, हे सांगणारा एकही कागद दोन्ही राज्यांत तयार होत नाही.

या मुलांसाठी महाराष्ट्राने काही केलेच नाही असे नाही. महाराष्ट्राच्या सीमाप्रश्नाच्या दाव्यातल्या ८६५ गावांच्या यादीवरून सीमाभागातल्या उमेदवारांना महाराष्ट्राच्या नोकरभरतीत रहिवासाची अट शिथिल केली आहे. अभियांत्रिकी आणि इतर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशप्रक्रियेत सीमाभागाचा वेगळा वर्ग आहे: मातृभाषा मराठी हवी आणि दहावी-बारावी वादग्रस्त भागातल्या शाळेतून झालेली हवी. शिवाजी विद्यापीठानेही या ८६५ गावांतल्या विद्यार्थ्यांसाठी जागा आणि फीची सवलत दिली आहे. बेळगावच्या वेशीवर चंदगड तालुक्यातल्या शिनोळीला सीमाभागासाठी शिक्षणाची सोय करण्याची घोषणाही झाली. हे सगळे स्वागताचे आहे. माझी तक्रार एवढीच की हे सगळे दाव्याच्या भाषेत लिहिलेले आहे आणि विद्यार्थ्याची अडचण दाव्याच्या भाषेत मावत नाही. त्याची अडचण दाखल्यांची आहे. महाराष्ट्राच्या शिष्यवृत्तीला महाराष्ट्राचा रहिवास आणि महाराष्ट्राच्या तहसीलदाराचा उत्पन्न दाखला लागतो. त्याच्याकडे चिकोडीच्या तहसीलदाराचा असतो. कर्नाटकाची विद्यासिरी, म्हणजे मागासवर्गीय मुलांच्या जेवणाराहण्यासाठीची मासिक मदत, कर्नाटकात शिकणाऱ्यासाठी आखलेली. सीमा ओलांडून शिकायला गेलेल्या मुलाला कधी कधी दोन्हींपैकी एकही मदत मिळत नाही, आणि हे त्याला प्रवेश घेतल्यावर कळते.

बसचेही तसेच. कर्नाटकाने जून २०२३ पासून बायांना सरकारी बसचा प्रवास मोफत केला. महाराष्ट्राने त्याच वर्षी मार्चपासून एसटीत निम्मे भाडे केले. चिकोडीच्या मुलीने कोल्हापूरला जायचे तर निम्मी वाट एका नियमाने, निम्मी दुसऱ्याने. डिसेंबर २०२२ मध्ये सीमातंट्यामुळे दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबल्या, आणि त्याआधी कोरोनाच्या दिवसांत कोगनोळीच्या नाक्यावर तपासणीचा अहवाल दाखवल्याशिवाय पलीकडे सोडत नव्हते. राज्यांचे भांडण राजधान्यांत होते. परीक्षेचा पेपर बुडतो तो नाक्यावर अडकलेल्या पोराचा. हे दोन्ही प्रसंग विद्यापीठाच्या हातातले नव्हते हे मान्य. पण सीमेपलीकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी आधीच तयार असती तर परीक्षाकेंद्र त्यांच्या बाजूला हलवण्याचा विचार तरी करता आला असता.

पदवीनंतरचा प्रश्न अधिक अवघड आहे. साठ-सत्तरच्या दशकांतल्या पदवीधराला शाळा होत्या, सहकारी साखर कारखाने होते, बँका होत्या, एसटी होती. पदवी हातात आली की पगार फार लांब नव्हता. आज आमच्या तालुक्यातला बीए झालेला मुलगा अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. चार-पाच वर्षे सरतात, वय निघून जाते, आणि तो पुन्हा उसाच्या शेतावर किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला लागतो. त्या कामाला पदवीची गरजच नव्हती. कर्नाटकाने युवा निधीतून बेकार पदवीधराला महिना ३,००० रुपये दोन वर्षांपर्यंत द्यायला सुरुवात केली. त्या पैशाने घराला आधार होतो हे खरेच. पण दोन वर्षांनंतर काय, याचे उत्तर विद्यापीठानेच द्यायचे आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीतच उमेदवारी आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव ठेवायची मुभा दिली आहे. शिरोलीचे ओतकाम, इचलकरंजीचे माग, कागलचे कारखाने, चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा आणि निपाणीचा हालसिद्धनाथ साखर कारखाना, हे सगळे अर्जुननगरपासून एसटीच्या टप्प्यात आहेत. कमवा व शिकाची रीत विद्यापीठाच्या आवारातून या कारखान्यांपर्यंत नेता आली, महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षापासून मुलाला तिथे शिकता-कमावता आले, तर आप्पासाहेबांची योजना आजच्या काळाला लागू पडेल. मुलींसाठी तर ही निकड दुप्पट आहे. बिडीचा धंदा ओसरतो आहे. ज्या घरात आजीने वखारीत काम केले आणि आईने बिड्या वळल्या, त्या घरातल्या नातीला त्यांच्यासारखे कामही आता मिळणार नाही आणि पदवीचे कामही अजून मिळालेले नाही.

म्हणून दोन्ही विद्यापीठांपुढे काही साध्या मागण्या ठेवतो. प्रवेशाच्या अर्जात विद्यार्थ्याचे शिक्षण कोणत्या तालुक्यात झाले आणि आईवडिलांचे काम काय, हे दोन रकाने असावेत. पदवी मिळाल्यावर दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी त्याच्याशी संपर्क करून तो काय करतो आणि किती मिळवतो याची नोंद व्हावी, आणि तालुकावार ती छापली जावी. शिवाजी विद्यापीठाच्या पुढच्या बृहत् आराखड्यात हद्दीला लागून असलेल्या तालुक्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे एक प्रकरण असावे. कायद्यात हद्द आहे, पण आपल्याच वर्गात बसलेली मुले मोजायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही. राणी चन्नम्मा विद्यापीठाने आपल्या भागातून कोल्हापूरकडे जाणाऱ्या मुलांची संख्या काढावी, म्हणजे मराठी माध्यमाच्या मुलांना चिकोडीतच काय हवे आहे हे कळेल. दाखल्यांचा तिढा तर दोन्ही समाजकल्याण खात्यांनी बसून सोडवण्याजोगा आहे. चिकोडीच्या तहसीलदाराचा उत्पन्न दाखला कोल्हापुरात ग्राह्य धरायचा, आणि विद्यासिरीसारखी मदत अर्जुननगरला शिकणाऱ्या निपाणीच्या मुलालाही द्यायची. यात कुणाचा दावा कमी होत नाही.

आणि आम्ही माजी विद्यार्थी. चिकोडी आणि निपाणी या दोन तालुक्यांतून कोल्हापूर, बेळगाव, धारवाडला शिकून गेलेल्यांची नावे, गावे, त्यांच्या आईवडिलांचे काम आणि त्यांची आजची नोकरी, एवढे लिहून काढायला कुठल्याही शासनाची मंजुरी लागत नाही. गावोगावच्या शाळांच्या जुन्या हजेरीपुस्तकांपासून सुरुवात करता येईल. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बापाचा धंदा लिहिलेला असतो. आईच्या कामाचा रकानाच नसायचा, तो माहीतगार माणसे हयात आहेत तोवर विचारून भरावा लागेल. ज्यांनी वखारीत राबून आम्हाला अर्जुननगरला पाठवले त्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, आणि हे काम पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आत हाती घेतले पाहिजे.